बाजूंच्या लांबीवरून काटकोन त्रिकोण कसा ओळखावा? : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

त्रिकोणाच्या तीनही बाजूंची लांबी माहीत आहे, कोन मात्र एकही माहीत नाही, अशा वेळी त्या त्रिकोणात काटकोन आहे की नाही हे कसे ठरवायचे, याविषयीचे हे प्रश्न आहेत. ते दहावीच्या भूमितीच्या वहीत जसे येतात, तसेच घराच्या पायाची आखणी करतानाही येतात. म्हणून उत्तरे देताना दोन्ही गरजा लक्षात घेतल्या आहेत.

प्रश्न : काटकोन त्रिकोण ओळखण्याची मूळ रीत कोणती?

दिलेल्या तीन बाजूंपैकी सर्वांत मोठी बाजू प्रथम बाजूला काढावी आणि तिचा वर्ग करावा. त्यानंतर उरलेल्या दोन बाजूंचे वर्ग करून त्यांची बेरीज घ्यावी. ही दोन उत्तरे तंतोतंत समान आली, तर तो त्रिकोण काटकोन त्रिकोण असतो आणि काटकोन मोठ्या बाजूच्या समोर असतो. उत्तरे समान आली नाहीत, तर त्या त्रिकोणात काटकोन कोठेही नसतो.

उदाहरणार्थ, बाजू २०, २९ आणि २१ सेंटीमीटर आहेत असे समजू. सर्वांत मोठी बाजू २९ असून तिचा वर्ग ८४१ आहे. उरलेल्या बाजूंचे वर्ग ४०० आणि ४४१ असून त्यांची बेरीजही ८४१ येते. म्हणजे हा काटकोन त्रिकोण आहे आणि २९ सेंटीमीटरची बाजू हा त्याचा कर्ण आहे.

प्रश्न : सर्वांत मोठी बाजूच का निवडायची? बाजू ज्या क्रमाने दिल्या आहेत त्याच क्रमाने पडताळले तर काय बिघडते?

वरच्याच उदाहरणात २० आणि २९ यांच्या वर्गांची बेरीज केली तर ती १२४१ येते आणि ती २१ च्या वर्गाशी, म्हणजे ४४१ शी, जुळत नाही. क्रमावर विसंबून राहणारा विद्यार्थी येथे ‘काटकोन त्रिकोण नाही’ असे लिहून मोकळा होतो आणि प्रश्नपत्रिका काढणारे बाजू उलटसुलट क्रमाने देतात ते नेमके याचसाठी. त्रिकोणात मोठ्या बाजूसमोर मोठा कोन असतो, आणि एका त्रिकोणात ९० अंशांचा किंवा त्याहून मोठा कोन एकापेक्षा अधिक असू शकत नाही. त्यामुळे काटकोन असलाच तर तो मोठ्या बाजूसमोरच असणार, हे आधीच ठरलेले असते.

करणीचिन्हे असतील तेव्हा मोठी बाजू चटकन दिसत नाही. ३, √३ आणि २√३ या बाजू घेतल्यास डोळा ३ कडे वळतो; परंतु तिन्हींचे वर्ग ९, ३ आणि १२ आहेत, म्हणजे मोठी बाजू २√३ ही आहे आणि ९ + ३ = १२ असल्यामुळे त्रिकोण काटकोन आहे. अशा उदाहरणांत लांबींची तुलना करण्याऐवजी आधी तिन्ही वर्ग लिहून काढावेत आणि त्यांतला मोठा वर्ग निवडावा.

प्रश्न : आपण वापरतो ते पायथागोरसचे प्रमेय असते की त्याचा व्यत्यास?

विद्यार्थ्यांचे सर्वांत अधिक गोंधळ येथेच होतात. प्रमेय असे सांगते की त्रिकोण काटकोन असेल, तर कर्णाचा वर्ग उरलेल्या दोन बाजूंच्या वर्गांच्या बेरजेइतका असतो. तेथे काटकोन आपल्याला आधीपासून माहीत असतो आणि वर्गांचे नाते हा निष्कर्ष असतो. ओळखण्याच्या प्रश्नात नेमके उलटे घडते : वर्गांचे नाते आपण आकडेमोड करून मिळवतो आणि काटकोन हा निष्कर्ष काढतो. हे विधान म्हणजे प्रमेयाचा व्यत्यास होय आणि तो स्वतंत्रपणे सिद्ध करावा लागतो.

विधान खरे असले म्हणजे त्याचा व्यत्यासही खरा असतो, असे गृहीत धरता येत नाही. चौरसाचे कर्ण समान असतात हे खरे आहे. पण ज्या चौकोनाचे कर्ण समान आहेत तो चौरसच असतो, हे खरे नाही, कारण आयताचेही कर्ण समान असतात. पायथागोरसच्या प्रमेयाचा व्यत्यास खरा निघतो, ही गोष्ट सिद्ध झाली आहे म्हणूनच आपण ती वापरतो. युक्लिडने ‘एलिमेंट्स’च्या पहिल्या खंडात ४७ वे विधान म्हणून प्रमेय मांडले आणि त्याला लागूनच ४८ वे, म्हणजे त्या खंडातले शेवटचे विधान म्हणून व्यत्यास मांडला. दोन्हींना त्याने वेगवेगळे क्रमांक आणि वेगवेगळ्या सिद्धता दिल्या आहेत.

यात एक बारीक बाब आहे आणि ती सहसा वर्गात सांगितली जात नाही. उत्तर ‘होय’ असेल तर कारण म्हणून व्यत्यासाचा उल्लेख करावा लागतो. परंतु उत्तर ‘नाही’ असेल तर कारण मूळ प्रमेय हेच असते. त्रिकोण काटकोन असता तर प्रमेयानुसार वर्ग जुळले असते. ते जुळले नाहीत, म्हणून त्रिकोण काटकोन नाही. या दुसऱ्या युक्तिवादात व्यत्यासाची गरजच पडत नाही.

प्रश्न : व्यत्यास खरा आहे हे कसे सिद्ध होते?

सिद्धता लहान आहे आणि ती पाठ करण्यापेक्षा समजून घेणे सोपे आहे. त्रिकोण अबक मध्ये बाजू अक चा वर्ग हा अब आणि बक यांच्या वर्गांच्या बेरजेइतका आहे, एवढेच आपल्याला माहीत आहे असे समजू. आता त्याच्या शेजारी दुसरा त्रिकोण टठड असा काढू, की त्यात कोन ठ हा काटकोन असेल, बाजू टठ ही अब एवढी असेल आणि बाजू ठड ही बक एवढी असेल. असा त्रिकोण नेहमीच काढता येतो, कारण काटकोनाच्या दोन भुजांवर हव्या तेवढ्या लांबी घेण्यापासून कोणी अडवत नाही.

या दुसऱ्या त्रिकोणात काटकोन आपण स्वतःच काढलेला असल्यामुळे त्याला मूळ प्रमेय लागू होते. म्हणून टड चा वर्ग = टठ चा वर्ग + ठड चा वर्ग. परंतु ही बेरीज अब आणि बक यांच्या वर्गांच्या बेरजेइतकी, म्हणजेच अक च्या वर्गाइतकी आहे. लांबी धन असल्यामुळे टड = अक. आता दोन्ही त्रिकोणांच्या तिन्ही संगत बाजू समान झाल्या. बाबाबा कसोटीने ते एकरूप ठरतात आणि त्यामुळे कोन ब हा कोन ठ एवढा, म्हणजे ९० अंशांचा असतो. व्यत्यासाच्या सिद्धतेत मूळ प्रमेयच वापरलेले आहे, पण ते आपण नव्याने काढलेल्या त्रिकोणाला लावले आहे, दिलेल्या त्रिकोणाला नाही, याकडे लक्ष द्यावे.

प्रश्न : परीक्षेत उत्तर कसे लिहावे?

पहिल्याच ओळीत ‘अब² + बक² = अक²’ असे लिहून मग त्यात किमती भरू नयेत, कारण जे दाखवायचे आहे तेच त्यात गृहीत धरले जाते. मोठ्या बाजूचा वर्ग एका ओळीत काढावा, उरलेल्या दोन बाजूंच्या वर्गांची बेरीज दुसऱ्या ओळीत काढावी आणि मग तुलना करावी. शेवटी ‘सर्वांत मोठ्या बाजूचा वर्ग हा इतर दोन बाजूंच्या वर्गांच्या बेरजेइतका आहे, म्हणून पायथागोरसच्या प्रमेयाच्या व्यत्यासानुसार हा काटकोन त्रिकोण आहे’ असे कारणासह लिहावे. शिरोबिंदूंची नावे दिलेली असतील तर काटकोन कोणत्या शिरोबिंदूपाशी आहे, हेही सांगावे : ज्या शिरोबिंदूचे अक्षर मोठ्या बाजूच्या नावात येत नाही, तेथे काटकोन असतो.

एकके सारखी करून घेणे हा पहिला टप्पा समजावा. ९० सेंटीमीटर, १.२ मीटर आणि १५० सेंटीमीटर या बाजू तशाच वर्गात घातल्या तर काहीच जुळणार नाही. सेंटीमीटरमध्ये त्या ९०, १२० आणि १५० होतात, म्हणजे ३, ४, ५ यांची तीसपट.

प्रश्न : वर्ग जुळले नाहीत, तर त्रिकोणाविषयी आणखी काही सांगता येते का?

येते. दोन लहान बाजू तशाच ठेवून त्यांमधील कोन वाढवत नेला, तर समोरची बाजू लांब होत जाते. कोन कमी केला तर ती आखूड होते. कोन बरोबर ९० अंश असताना तिचा वर्ग बेरजेइतका असतो. म्हणून मोठ्या बाजूचा वर्ग बेरजेपेक्षा लहान आला तर तिच्यासमोरचा कोन ९० अंशांहून लहान असतो, आणि सर्वांत मोठा कोनच लघुकोन निघाल्यामुळे त्रिकोण लघुकोन त्रिकोण ठरतो. वर्ग बेरजेपेक्षा मोठा आला तर तो विशालकोन त्रिकोण असतो.

४, ५, ६ या बाजूंत बेरीज ४१ आणि मोठ्या बाजूचा वर्ग ३६ आहे, म्हणून त्रिकोण लघुकोन आहे. ४, ५, ७ या बाजूंत बेरीज तीच, पण वर्ग ४९, म्हणून त्रिकोण विशालकोन आहे. ज्यांना त्रिकोणमिती येते त्यांना कोनाचे मापही काढता येईल : बेरजेतून मोठ्या बाजूचा वर्ग वजा करावा आणि आलेल्या उत्तराला लहान बाजूंच्या गुणाकाराच्या दुपटीने भागावे, म्हणजे त्या कोनाचे कोसाइन मिळते. पहिल्या त्रिकोणात ते ५/४०, म्हणून कोन सुमारे ८२.८ अंश, दुसऱ्यात ते −८/४०, म्हणून कोन सुमारे १०१.५ अंश.

प्रश्न : दिलेल्या लांबींचा त्रिकोण मुळात होतो की नाही, हे आधी तपासावे लागते का?

भास्कराचार्यांनी शके १०७२ मध्ये, म्हणजे इसवी सन ११५० मध्ये लिहिलेल्या ‘लीलावती’त या प्रश्नाचे उत्तर सापडते. सरळ बाजूंच्या ज्या आकृतीत एक बाजू उरलेल्या सर्व बाजूंच्या बेरजेइतकी किंवा तिच्यापेक्षा मोठी सांगितली असेल, ते ‘अक्षेत्र’ समजावे, म्हणजे अशी आकृतीच संभवत नाही, असे ते सांगतात. आणि त्रिकोणाचे उदाहरण म्हणून ३, ६, ९ या बाजू देतात. तेवढ्या लांबीच्या काड्या मांडून हे दाखवावे, अशी सूचनाही तेथे आहे. ज्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापन केल्याचा शिलालेख चाळीसगावजवळच्या पाटण येथे आहे, ते हेच भास्कराचार्य.

आता ३, ६, ९ या संख्यांना आपली कसोटी डोळे झाकून लावली तर ९ + ३६ = ४५ आणि ८१ हे ४५ पेक्षा मोठे, म्हणून ‘विशालकोन त्रिकोण’ असे उत्तर येईल, आणि प्रत्यक्षात तर त्रिकोणच नाही. त्यामुळे विशालकोन असे उत्तर येत असेल तेव्हा दोन लहान बाजूंची बेरीज मोठ्या बाजूपेक्षा अधिक आहे ना, हे तपासलेच पाहिजे. काटकोन किंवा लघुकोन असे उत्तर येत असेल तर मात्र ही तपासणी करावी लागत नाही. दोन लहान बाजूंच्या बेरजेचा वर्ग हा त्यांच्या वर्गांच्या बेरजेपेक्षा नेहमीच मोठा असतो. म्हणून वर्गांची बेरीज मोठ्या बाजूच्या वर्गाइतकी किंवा अधिक असेल, तर बाजूंची बेरीज मोठ्या बाजूपेक्षा अधिक असणारच.

प्रश्न : पायथागोरसची त्रिकुटे पाठ असली की काम भागते का?

काही प्रमाणात भागते. त्रिकुट म्हणजे काटकोन त्रिकोणाच्या बाजू होऊ शकणाऱ्या तीन नैसर्गिक संख्या. ३-४-५, ५-१२-१३, ८-१५-१७, ७-२४-२५, २०-२१-२९ आणि ९-४०-४१ एवढी त्रिकुटे लक्षात असली, तर शालेय उदाहरणांपैकी बरीच उदाहरणे पाहताक्षणी सुटतात, विशेषतः सामाईक अवयव काढण्याची सवय असेल तर. ४५, १०८, ११७ हे आकडे बिचकवणारे दिसतात, पण प्रत्येकाला ९ ने भागले की ५, १२, १३ उरतात. तिन्ही बाजूंना एकाच संख्येने गुणले किंवा भागले तर मूळ त्रिकोणाशी समरूप त्रिकोण मिळतो आणि कोन तेच राहतात.

गुणाकार चालतो म्हणून बेरीजही चालेल असे मात्र समजू नये. ३, ४, ५ मध्ये प्रत्येकी १ मिळवला तर ४, ५, ६ येतात आणि तो काटकोन त्रिकोण नाही, हे वर आलेच आहे. किंबहुना सलग तीन नैसर्गिक संख्यांचे त्रिकुट ३-४-५ हे एकच आहे. मधली संख्या न मानली तर (न − १)² + न² = (न + १)² या समीकरणातून न² = ४न आणि म्हणून न = ४ एवढे एकच उत्तर निघते.

शिवाय, सर्व काटकोन त्रिकोणांच्या बाजू पूर्णांकात नसतात. १, १, √२ हा कंपासपेटीतल्या एका गुण्याचा त्रिकोण आणि १, √३, २ हा दुसऱ्या गुण्याचा. दोन्ही काटकोन त्रिकोण आहेत आणि दोन्ही त्रिकुटांच्या यादीत नाहीत. त्यामुळे यादीत नाही म्हणून त्रिकोण काटकोन नाही, असे म्हणता येत नाही.

प्रश्न : बाजू पूर्णांकात असतील तर ‘नाही’ हे उत्तर आकडेमोड न करता मिळू शकते का?

अनेकदा मिळते. दोन्ही लहान बाजू विषम असतील तर त्रिकोण काटकोन असूच शकत नाही. विषम संख्येच्या वर्गाला ४ ने भागल्यास १ उरतो, म्हणून अशा दोन वर्गांच्या बेरजेत २ उरतात, आणि कोणत्याही पूर्ण वर्गाला ४ ने भागल्यास २ उरत नाहीत. त्याचप्रमाणे प्रत्येक पायथागोरसच्या त्रिकुटात लहान बाजूंपैकी एक ३ च्या पटीत, एक ४ च्या पटीत आणि तिन्ही बाजूंपैकी किमान एक ५ च्या पटीत असते. कधी एकच बाजू दोन अटी पुऱ्या करते, जसे ५-१२-१३ मध्ये १२. यांपैकी एखादी अट मोडली की पुढे जाण्याचे कारण नाही. अटी पाळल्या गेल्या तरी काटकोन आहेच असे मात्र ठरत नाही; त्यासाठी वर्ग करावेच लागतात.

प्रश्न : मोठ्या संख्यांचे वर्ग करण्याचा त्रास कसा वाचवावा?

बेरीज पडताळण्याऐवजी वजाबाकी पडताळावी. मोठी बाजू आणि मधली बाजू यांच्या वर्गांतील फरक हा त्यांच्या बेरीज-वजाबाकीच्या गुणाकाराइतका असतो, आणि तो लहान बाजूच्या वर्गाइतका आला पाहिजे. ६५, ७२, ९७ घ्या : ९७ − ७२ = २५ आणि ९७ + ७२ = १६९. या दोन्ही संख्या स्वतःच पूर्ण वर्ग आहेत, ५ चा आणि १३ चा. त्यांचा गुणाकार ६५ चा वर्ग होतो आणि काम संपते.

या रीतीची ताकद पाहायची असेल तर कोलंबिया विद्यापीठात ठेवलेली ‘प्लिम्प्टन ३२२’ ही मातीची पाटी आठवावी. सुमारे ३८०० वर्षांपूर्वीच्या या बॅबिलोनी पाटीवर आकड्यांच्या पंधरा ओळी आहेत आणि तिच्या चौथ्या ओळीत १२७०९ व १८५४१ या संख्या, अर्थातच साठाच्या पायातल्या अंकलेखनात, कोरलेल्या आहेत. त्यांच्याशी जुळणारी तिसरी बाजू १३५०० आहे, ती पाटीच्या उरलेल्या भागावर नाही. हे त्रिकूट वर्ग करून पडताळायचे म्हटले तर कोटीतले आकडे येतात. वजाबाकीने पाहू : १८५४१ − १३५०० = ५०४१, हा ७१ चा वर्ग; १८५४१ + १३५०० = ३२०४१, हा १७९ चा वर्ग; आणि ७१ × १७९ = १२७०९. तीन ओळींत पडताळणी पूर्ण होते.

प्रश्न : बाजू अक्षरांत दिल्या असतील तर?

बहुधा म² − न², २मन आणि म² + न² अशा बाजू दिलेल्या असतात, म > न आणि दोन्ही धन, अशी अट घालून. येथे वर्गांचे विस्तार करणे सोपे असते. बहुतेकांकडून राहून जाते ते मोठी बाजू कोणती हे कारणासह सांगणे. म² + न² ही म² − न² पेक्षा मोठी आहे हे उघड आहे. ती २मन पेक्षाही मोठी आहे, कारण त्यांतील फरक (म − न)² एवढा, म्हणजे धन आहे. हे लिहिल्यावरच पुढील बेरजेला अर्थ येतो. म = ९ आणि न = ४ घेतल्यास वरचे ६५-७२-९७ मिळते, आणि म = १२५, न = ५४ घेतल्यास मातीच्या पाटीवरचे ते प्रचंड त्रिकूट मिळते.

प्रश्न : आकृतीत कोन स्पष्टपणे काटकोन दिसतो, कोनमापकही ९० दाखवतो, तरीही आकडेमोड आवश्यक आहे का?

आवश्यक आहे. ५, ५, ७ या बाजूंचा त्रिकोण वहीत काढून पाहावा. तो हुबेहूब गुण्यासारखा दिसतो. पण बेरीज ५० आणि मोठ्या बाजूचा वर्ग ४९ आहे, आणि कोन सुमारे ८८.९ अंशांचा आहे. ७, ११, १३ हे उदाहरण याहून फसवे आहे : बेरीज १७०, वर्ग १६९, कोन सुमारे ८९.६ अंश. शाळेतल्या कोनमापकाने हा फरक ओळखणे कठीण आहे, आणि तरी तिन्ही बाजू विषम असल्यामुळे हा त्रिकोण काटकोन नाही हे वरच्या नियमाने एका नजरेत कळते.

दशांशांत गोल केलेल्या संख्यांनी याच्या उलट फसगत होते. √२ ऐवजी १.४१ लिहिले की त्याचा वर्ग १.९८८१ येतो, आणि खरा काटकोन त्रिकोण लघुकोन ठरतो. म्हणून लेखी उदाहरणात करणीचिन्ह शेवटपर्यंत तसेच ठेवावे.

प्रश्न : बांधकामाच्या आखणीत ही कसोटी कशी वापरली जाते आणि तिच्यात किती चूक खपते?

पायाची आखणी करताना गवंडी कोपऱ्यावर खुंटी ठोकतात, एका दोरीवर कोपऱ्यापासून ३ फुटांवर आणि दुसऱ्या दोरीवर ४ फुटांवर खूण करतात, आणि दोन खुणांमधले अंतर बरोबर ५ फूट येईपर्यंत दुसरी दोरी सरकवतात. अंतर जुळले की कोपरा गुण्यात आला. येथे काटकोन शोधला जात नाही, तो घडवला जातो. पण आधार त्याच व्यत्यासाचा असतो.

मापनात तंतोतंत समानता कधीच मिळत नाही, म्हणून चुकीचा परिणाम किती होतो हे माहीत असावे. ३ आणि ४ मीटर बाजू घेतल्या आणि तिरके माप ५ मीटरऐवजी ५.०१ मीटर आले, म्हणजे फक्त एक सेंटीमीटर चुकले, तर कोन सुमारे पाव अंशाने फाकतो. ऐकायला हे किरकोळ वाटते. परंतु त्या कोपऱ्यापासून १२ मीटर लांब भिंत बांधली, तर तिचे दुसरे टोक सुमारे ५ सेंटीमीटर सरकलेले असते आणि फरशी बसवताना ते शेवटच्या ओळीत दिसते. तीच एक सेंटीमीटरची चूक ६-८-१० मीटरच्या त्रिकोणात झाली, तर परिणाम निम्म्यावर येतो. म्हणून जागा असेल तितका मोठा त्रिकोण घ्यावा, हे माझे आग्रहाचे सांगणे आहे. मोठ्या खोलीसाठी फुटांत १२-१६-२० हे माप सोयीचे पडते.

टेप ताणून धरावी, कारण झोळ पडलेली टेप खऱ्यापेक्षा अधिक अंतर दाखवते. दुसरी काळजी याहून महत्त्वाची आहे. टेपचे टोक झिजलेले किंवा आकडी सैल झालेली असते, म्हणून अनेकजण एक फूट सोडून मोजतात, म्हणजे १ फुटाची खूण कोपऱ्यावर धरतात. अशा वेळी टेपवर ४, ५ आणि ६ हे आकडे दिसले पाहिजेत. सवयीने ३, ४ आणि ५ याच आकड्यांवर खुणा केल्या, तर प्रत्यक्ष अंतरे २, ३ आणि ४ फूट होतात; ४ + ९ = १३ आणि १६ यांत जुळणी नाही, आणि ‘काटकोन’ म्हणून आखलेला कोपरा साडेचौदा अंशांनी फाकलेला असतो.

प्रश्न : चारही बाजू मोजल्यावर फक्त दोन्ही कर्ण समान आहेत का हे पाहिले तर पुरे नाही का?

समोरासमोरच्या बाजू समान असतील आणि कर्णही समान असतील तर पुरे आहे. असा चौकोन आयतच असतो. समोरासमोरच्या बाजू न मोजता केवळ कर्ण जुळवले तर मात्र समद्विभुज समलंब चौकोनही खपून जातो. शिवाय कर्णांची तुलना चारही कोपरे ठरल्यावरच करता येते, आणि पहिला कोपरा ठरवताना आपल्याला वर्गांकडेच यावे लागते. पुरुषांच्या कबड्डीचे मैदान १३ मीटर × १० मीटर असते. त्याच्या कर्णाचा वर्ग १६९ + १०० = २६९, म्हणजे कर्ण सुमारे १६.४० मीटर. फक्की मारण्यापूर्वी १३ आणि १० मीटरच्या दोऱ्या कोपऱ्यातून ताणून टोकांमधले अंतर १६ मीटर ४० सेंटीमीटर जुळवावे, उरलेला चौथा कोपरा तसाच घ्यावा आणि शेवटी दुसरा कर्ण मोजून खात्री करावी.

प्रश्न : शिरोबिंदूंचे निर्देशक दिले असतील तर काय करावे?

अंतराचे सूत्र वापरावे, पण वर्गमूळ काढू नये, कारण शेवटी वर्गच लागणार आहेत. अ(−३, २), ब(१, −१) आणि क(७, ७) हे बिंदू घेतल्यास अब चा वर्ग १६ + ९ = २५, बक चा वर्ग ३६ + ६४ = १०० आणि अक चा वर्ग १०० + २५ = १२५ येतो. २५ + १०० = १२५, म्हणून कोन ब काटकोन आहे. अब आणि बक या रेषांचे चढ −३/४ आणि ४/३ असून त्यांचा गुणाकार −१ आहे, हीदेखील काटकोनाचीच खूण आहे. चढाची रीत वेगवान आहे, मात्र एखादी बाजू य-अक्षाला समांतर असेल तर तिचा चढ ठरवता येत नाही आणि ती रीत अडते. वर्गांची रीत अडत नाही.

प्रश्न : दोरीने काटकोन आखण्याची ही युक्ती इजिप्शियनांची की आपली?

इजिप्तमधले दोरीवाले बारा समान गाठींच्या दोरीने ३-४-५ चा त्रिकोण करून काटकोन आखत, ही गोष्ट जिकडेतिकडे छापलेली आढळते; परंतु तिला त्या काळातला लेखी पुरावा नाही. एकोणिसाव्या शतकातले गणिताचे इतिहासकार मोरिट्झ कँटर यांनी मांडलेला तो तर्क होता. भारतातल्या शुल्बसूत्रांत, म्हणजे यज्ञवेदींच्या आखणीचे नियम सांगणाऱ्या प्राचीन ग्रंथांत, मात्र दोरीची कृती शब्दशः दिलेली आहे. त्यांतला एक सूत्रकार बौधायन आयताच्या कर्णावरील वर्गाचे विधान सांगून लगेच ३-४, १२-५, १५-८, ७-२४, १२-३५ आणि १५-३६ या जोड्या देतो. यांतली शेवटची जोडी ५-१२ चीच तिप्पट आहे, तरीही ती वेगळी दिली आहे, आणि त्याचे कारण आपस्तंब या दुसऱ्या सूत्रकाराने दिलेल्या महावेदीच्या, म्हणजे यज्ञाच्या मोठ्या वेदीच्या, आखणीत दिसते. तेथे पूर्व-पश्चिम रेषा ३६ एककांची आहे. ३६ च्या दोरीला १८ जोडून ती ५४ ची करायची, एका टोकापासून १५ वर खूण करायची, दोन्ही टोके रेषेच्या दोन टोकांना बांधायची आणि खुणेशी धरून दोरी बाजूला ताणायची. दोरीचे १५ आणि ३९ असे भाग पडतात; २२५ + १२९६ = १५२१, म्हणजे ३९ चा वर्ग, आणि १५ च्या टोकाशी काटकोन उभा राहतो.

प्रश्न : ही कसोटी कोठे लागू पडत नाही?

सपाट पृष्ठभाग सोडला की ती लागू पडत नाही. पृथ्वीगोलावर उत्तर ध्रुव आणि विषुववृत्तावरचे, एकमेकांपासून ९० रेखांश दूर असलेले दोन बिंदू घेतले, तर त्यांनी होणाऱ्या त्रिकोणाच्या तिन्ही बाजू सुमारे १०,००० किलोमीटरच्या असतात आणि तिन्ही कोन काटकोन असतात. तेथे दोन बाजूंच्या वर्गांची बेरीज तिसऱ्या बाजूच्या वर्गाच्या दुप्पट भरते, तरी काटकोन आहेच. घराचा भूखंड, शेताचा बांध किंवा खेळाचे मैदान एवढ्या अंतरांत पृथ्वीची वक्रता नगण्य असते. तेथे चूक झालीच तर ती टेप धरण्यातली असते.